बेटांच्या मधलं पाणी कुणाचं? नववीतल्या मुलाचा प्रश्न

देवगडच्या बाई

नमस्कार. मी देवगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. गेल्या आठवड्यात आग्नेय आशियाचा नकाशा लावून इंडोनेशिया दाखवत होते. सतरा हजारांहून जास्त बेटांचा देश, असं म्हटलं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मधला पाणी कोणाचा?"

वर्ग हसला. विचारणारा मात्र हसत नव्हता. त्याचे वडील तांडेल आहेत, म्हणजे मासेमारीच्या बोटीचे प्रमुख. घरात रोज याच गोष्टी चालतात: परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर रात्री किती आत आले, कुणाची जाळी तोडून नेली, गस्तीची बोट आली की नाही. मी पुस्तकातलं उत्तर दिलं. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल प्रादेशिक समुद्र, २०० मैलांपर्यंत आर्थिक क्षेत्र, म्हणजे तिथल्या मासळीवर आणि खनिजांवर त्या देशाचा हक्क. तो उठून नकाशाजवळ आला, एक बोट जावावर, दुसरं बोर्निओवर ठेवलं आणि म्हणाला, "हयसून बारा, थयसून बारा. मगे मधी उरता ता?"

मला नीट सांगता आलं नाही. घरी येऊन वाचलं तेव्हा 'द्वीपसमूह राष्ट्र' हा शब्द सापडला, पण पुढचं सगळं वकिली भाषेत. बेटांचा देश मधल्या पाण्यावर हक्क सांगतो तो कशाच्या जोरावर? आणि तो हक्क देतं कोण? कुणी सोप्या शब्दांत सांगितलं तर मुलांना येत्या सोमवारी सांगेन.

गुहागरचा कॅप्टन

बाई, तुमच्या त्या पोराने नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. जावा आणि बोर्निओच्या मधल्या त्याच पाण्यावरून हे सगळं सुरू झालं. मी ३४ वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, त्यातली बरीच ऑस्ट्रेलिया ते चीन-जपान या मार्गावर लोहखनिज वाहण्यात. म्हणजे इंडोनेशियाच्या पोटातून जाणं-येणं. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

डचांच्या काळात तिथे १९३९ चा एक कायदा होता. प्रत्येक बेटाभोवती फक्त ३ मैल पाणी देशाचं, बाकी सगळा खुला समुद्र. इंडोनेशिया स्वतंत्र झाला तरी कायदा तोच राहिला. आता विचार करा, जावा आणि बोर्निओमध्ये चारशेच्या आसपास किलोमीटर पाणी. दोन्ही कडांना साडेपाच-साडेपाच किलोमीटर सोडले की मधे कुणीही यावं, युद्धनौका आणावी, मासे न्यावेत. त्यातच पश्चिम न्यू गिनीवरून डचांशी भांडण पेटलेलं. ज्यांना देशातून घालवलं त्यांचीच लढाऊ जहाजं आपल्या दोन बेटांच्या मधून फिरू शकतात आणि आपण काही बोलू शकत नाही, अशी स्थिती.

१३ डिसेंबर १९५७ ला पंतप्रधान जुआंदा यांनी जाहीर केलं की आमच्या बेटांच्या भोवतालचं आणि मधलं सगळं पाणी हा आमच्या देशाचाच भाग आहे. यामागचा कायद्याचा विचार मोख्तार कुसुमात्माजा या तरुण वकिलाचा. वय २८. सर्वांत बाहेरच्या बेटांची बाहेरची टोकं सरळ रेषांनी जोडा; त्या रेषांच्या आत आलेलं पाणी आमचं, आणि प्रादेशिक समुद्र मोजायचा तो त्या रेषेपासून बाहेर. वाड्याभोवती गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालावा तसं. १९६० मध्ये जवळपास दोनशे बिंदू घेऊन त्या रेषा कायद्यात आणल्या.

अमेरिका, ब्रिटन, हॉलंड, ऑस्ट्रेलिया, सगळ्यांनी निषेधाची पत्रं पाठवली. १९५८ मध्ये जिनिव्हाला समुद्राच्या कायद्यावर परिषद झाली, तिथे ही कल्पना मान्य झाली नाही. १९६० मध्येही नाही. तरी त्यांनी रेषा पुसली नाही. फिलिपिन्सची मागणीही तशीच होती. पुढे १९७३ मध्ये इंडोनेशिया, फिलिपिन्स, फिजी आणि मॉरिशस या चौघांनी मिळून प्रस्ताव मांडला, आणि १० डिसेंबर १९८२ ला जमैकातल्या माँटेगो बेला समुद्राच्या कायद्याच्या करारावर सह्या झाल्या तेव्हा त्यात द्वीपसमूह राष्ट्रांसाठी स्वतंत्र भाग होता. जुआंदांच्या घोषणेपासून पंचवीस वर्षं. 'हक्क देतं कोण' असं तुम्ही विचारलंत म्हणून हे मुद्दाम सांगतोय. आधी त्यांनी सांगितला, धरून ठेवला, शेजाऱ्यांशी एकेक करून बोलणी केली, मग जगाने लिहून दिला. मलेशियाचंच बघा. त्यांचा देश दोन तुकड्यांत, मधे इंडोनेशियाची नातुना-अनांबास बेटं. मलेशियाने रेषा मान्य केल्या, बदल्यात त्यांच्या जहाजांचा ये-जा करण्याचा आणि कोळ्यांचा परंपरागत मासेमारीचा हक्क इंडोनेशियाने लिहून दिला. तारीख २५ फेब्रुवारी १९८२.

करारात मापंही घालून दिली आहेत, नाहीतर कुणीही कशाही रेषा ओढल्या असत्या. एक रेषा १०० सागरी मैलांपेक्षा लांब नको. एकूण रेषांपैकी फार तर ३ टक्के रेषा १२५ मैलांपर्यंत चालतील. रेषांच्या आत जमीन एक भाग असेल तर पाणी कमीत कमी तेवढंच आणि जास्तीत जास्त नऊ भाग हवं. म्हणून न्यूझीलंड किंवा ब्रिटन यात बसत नाहीत, त्यांची जमीनच जास्त. आणि देश पूर्णपणे बेटांचा हवा. आपल्याकडे अंदमान आहे, लक्षद्वीप आहे, पण मागे अखंड भूमी आहे, म्हणून भारत द्वीपसमूह राष्ट्र ठरत नाही.

मुलांकडून वर्गात करून घेता येईल. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. कर्कटक घ्या, नकाशाच्या कडेच्या अक्षांशांवर एक अंश चाळीस मिनिटं एवढं उघडा, म्हणजे १०० मैल झाले. मग सुमात्राच्या टोकापासून एकेक बाहेरचं बेट गाठत जा. आम्ही चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, अंतर असंच मोजत आलो.

आता या मालकीला एक अट आहे. जग त्या पाण्यातून जातं, ते अडवता येत नाही. इंडोनेशियाने उत्तर-दक्षिण असे तीन मार्ग नेमून दिले: सुंदा सामुद्रधुनीतून एक, लोंबोक आणि मकास्सरमधून दुसरा, तिमोरकडून तिसरा. २००२ मध्ये त्यांचा नियम झाला आणि चार्टवर जांभळट-गुलाबी रेघ आली. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना २५ मैलांच्या आत राहायचं, किनाऱ्याला फार लगटायचं नाही, न रेंगाळता पार व्हायचं. या मार्गांतून पाणबुडी पाण्याखालून जाऊ शकते, वरून विमान जाऊ शकतं. मार्ग सोडून बाकीच्या पाण्यात निरुपद्रवी मार्गक्रमणाचा, म्हणजे त्या देशाला त्रास न देता नुसतं पार होण्याचा, हक्क आहे, पण तिथे पाणबुडीला वर येऊन झेंडा दाखवावा लागतो. पूर्व-पश्चिम मार्ग मात्र त्यांनी दिलेला नाही, त्यावरून अमेरिकेशी वाद आहे. जावा समुद्रातल्या बावेआन बेटावर जुलै २००३ मध्ये अमेरिकन आणि इंडोनेशियन लढाऊ विमानं समोरासमोर आली होती ती त्यातूनच.

एक स्वतःचा प्रसंग सांगतो. २००४ साल. पोर्ट हेडलँडहून लोहखनिज भरून आम्ही लोंबोकमधून वर निघालो होतो. लोंबोकला पाण्याला दक्षिणेकडे जबरदस्त ओढ असते. इंजिन तेरा नॉटचं (तासाला तेरा सागरी मैलांचं) काम करतं आणि जमिनीवरून मोजलं तर जहाज जेमतेम नऊने सरकतं. पहाटे नुसा पेनिडाजवळ छोट्या होड्यांचा थवा दिसला. दोन्ही बाजूंना उलांडी, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधलेलं लाकूड. आपल्या कोकणातल्या होडीला एका बाजूला असते, त्यांना दोन्हीकडे. पन्नास पन्नास माणसं रांगेने, एकेक माणूस एकेका होडीत, आणि आमचं पावणेदोन लाख टनांचं धूड त्यांच्या शेजारून. मी ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या जागेवरून, हलूच शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी मकास्सर सामुद्रधुनीच्या मध्यावर मेन इंजिनच्या फ्युएल पंपाने दगा दिला. थांबावं लागलं. चहूकडे जमिनीचा मागमूस नाही, नुसतं निळं पाणी. तासाभरात व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरवर हाक आली. इंडोनेशियाची गस्तीची बोट. जहाजाचं नाव, झेंडा, मागचं बंदर, पुढचं बंदर, माल काय, आणि थांबलात का? मी सांगितलं. ते म्हणाले, ठीक, दर तासाला कळवा. आणि अर्ध्या मैलावर येऊन उभे राहिले. चार तास. पंप दुरुस्त झाला, आम्ही निघालो, तेव्हा तो अधिकारी शुभेच्छा देऊन बाजूला झाला. तीन मैलांच्या काळात त्या जागी आम्हाला विचारणारं कुणी नसतं.

त्या वेळी सुकाणूवर मकास्सरचाच एक खलाशी होता. तो म्हणाला, आमच्या भाषेत मायदेशाला 'तानाह आइर' म्हणतात. तानाह म्हणजे जमीन, आइर म्हणजे पाणी. दोन्ही मिळून देश. बाई, सोमवारी हा शब्द फळ्यावर नक्की लिहा.

तांडेलाचा भाऊ

कॅप्टनसाहेब, वाचून बरं वाटलं. पण खरं विचारायचं तर कागदावर रेघ मारून होतं काय? आमच्याकडे बारा मैलांची हद्द आहेच की. मोठी ताकदीची बोट आत घुसली तर आमची फायबरची होडी काय करणार? हद्द सांभाळणारा नसेल तर ती असून नसून सारखीच. या छोट्या देशांचं कसं चालतं?

गुहागरचा कॅप्टन

भाऊ, तुम्ही म्हणता ते, हद्द न सांभाळणं, इंडोनेशियालाच एकदा फार महागात पडलं आहे. बोर्निओच्या ईशान्य किनाऱ्याजवळ सिपादान आणि लिगितान नावाची दोन इवलीशी बेटं. सिपादान तर चालत अर्ध्या तासात फिरून होईल एवढं. इंडोनेशिया म्हणे आमची, मलेशिया म्हणे आमची. खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १७ डिसेंबर २००२ ला निकाल लागला, १६ विरुद्ध १ मताने मलेशियाच्या बाजूने.

का, ते ऐका. जुने तह, जुने नकाशे यांवरून कुणाचंच सिद्ध होईना. मग न्यायालयाने पाहिलं की या बेटांचा कारभार प्रत्यक्ष कुणी केला. ब्रिटिश नॉर्थ बोर्निओच्या सरकारने तिथल्या कासवांची अंडी कुणी गोळा करायची याचे परवाने दिले होते, त्यावरून झालेली भांडणं मिटवली होती. १९३३ मध्ये सिपादान पक्ष्यांसाठी राखीव केलं. १९६२ आणि १९६३ मध्ये दोन्ही बेटांवर दीपगृहं बांधली. आणि एवढं सगळं चाललेलं असताना ना डचांनी हरकत घेतली, ना इंडोनेशियाने. इंडोनेशियाचं म्हणणं होतं की आमचे कोळी तिथे पिढ्यान् पिढ्या जातात. न्यायालय म्हणालं, सरकारच्या हुकमाने किंवा परवान्याने गेले असतील तरच ते देशाचं कृत्य, एरवी ती खाजगी माणसांची ये-जा. आणखी एक गोष्ट निघाली. मी वर ज्या १९६० च्या रेषांबद्दल लिहिलं, त्या ओढताना या दोन बेटांवर बिंदूच घेतलेला नव्हता! स्वतःच्या देशाभोवती गडगा घातला आणि दोन बेटं बाहेर राहिली. हा तपशील मी पहिल्यांदा वाचला तेव्हा सुन्न झालो होतो. कासवाच्या अंड्यांचा परवाना आणि एक दिवा, एवढ्यावर बेटं गेली. त्यांच्याबरोबर त्यांच्याभोवतीचं पाणीही.

तुमच्या मंडळींनी यातून एक काम उचलावं असं मला मनापासून वाटतं. कोण कधी कुठे घुसलं त्याची तारीख, वेळ, जीपीएसचा आकडा लिहून ठेवा आणि प्रत्येक वेळी लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं राहत नाही.

आणि छोटा देश मोठ्याला अडवू शकतो का, तर आइसलँडने अडवलं. तो काही द्वीपसमूह नाही, एकच मोठं बेट, पण पोट माशांवर. ब्रिटनचे ट्रॉलर त्यांच्या कॉड माशांवर तुटून पडलेले. त्यांनी हद्द वाढवत नेली: १९५८ मध्ये १२ मैल, १९७२ मध्ये ५०, १९७५ मध्ये २००. ब्रिटनने ट्रॉलरच्या रक्षणाला युद्धनौका पाठवल्या. आइसलँडकडे सैन्यच नाही, गस्तीच्या मोजक्या बोटी. त्यांनी काय केलं, तर एक धारदार आकड्यासारखं अवजार बनवलं, ते दोरखंडावर पाण्यात सोडायचं आणि ट्रॉलरच्या मागून आडवं ओढत न्यायचं. ट्रॉलचं जाळं ज्या पोलादी वायरींवर असतं त्या वायरी तुटायच्या. जाळं मासळीसकट तळाला. माणसाला इजा नाही, पण त्या फेरीचा धंदा बुडाला. जाळं जाण्याचं दुःख तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. जहाजं जहाजांवर आदळली, फेब्रुवारी १९७६ मध्ये आइसलँडने ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले, नाटो या लष्करी युतीचा आपल्याकडचा केफ्लाविकचा तळ बंद करू असंही बजावलं. जूनमध्ये ब्रिटनने मान्य केलं. आणि १९७७ च्या सुरुवातीपासून ब्रिटनने स्वतःही २०० मैलांचं मासेमारी क्षेत्र लागू केलं.

पॅसिफिकमधल्या देशांनी वेगळी वाट धरली. किरिबाटीची जमीन ८११ चौरस किलोमीटर, मुंबई शहर आणि उपनगरं धरून जेवढं होईल त्याहून सुमारे एक तृतीयांश जास्त. समुद्र मात्र साधारण ३५ लाख चौरस किलोमीटर. एवढ्यावर एकटं कोण गस्त घालणार? म्हणून १९८२ मध्ये नाउरू करार करून शेजारी देश एकत्र आले. आता टुना पकडणाऱ्या परदेशी बोटींना ते दिवस विकतात. बोट आमच्या पाण्यात एक दिवस राहिली की एवढे पैसे. वेगवेगळे होते तेव्हा कंपन्या त्यांना एकमेकांविरुद्ध खेळवायच्या, ते बंद झालं.

मॉरिशसहून

नमस्कार. मी मॉरिशसची मराठी. घरी आम्ही क्रिओल बोलतो, मराठी मी शाळेत शिकले, चूक झाली तर समजून घ्या. कॅप्टन काकांनी १९७३ च्या प्रस्तावात मॉरिशसचं नाव घेतलं म्हणून लिहिते.

आमच्या नकाशात एक जागा आहे तिचं नाव चागोस. आमच्यापासून दोन हजार किलोमीटरच्या आसपास ईशान्येला. स्वातंत्र्य १२ मार्च १९६८ ला मिळालं, पण त्याआधीच, ८ नोव्हेंबर १९६५ ला, ब्रिटनने ही बेटं आमच्यापासून वेगळी काढली. ३० लाख पौंड दिले. दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ झाला आणि १९६८ ते १९७३ मध्ये तिथल्या सगळ्या माणसांना घरं सोडायला लावली. ती माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. त्यांच्यातल्या एक बाई आमच्या गल्लीत राहायच्या. त्या नारळ फोडायच्या तो कोयत्याच्या एका घावात, आणि दर वेळी म्हणायच्या, आमच्याकडचा नारळ याहून गोड होता. मी लहान असताना मला ती फुशारकी वाटायची.

२०१० मध्ये ब्रिटनने चागोसच्या पाण्यात मासेमारी बंद करून सागरी अभयारण्य जाहीर केलं. ऐकायला चांगलं वाटतं. पण १९६५ मध्ये मासेमारीचे हक्क राखू असं आम्हाला वचन दिलेलं होतं. मॉरिशस लवादात गेला आणि १८ मार्च २०१५ ला लवादाने सांगितलं की ती घोषणा समुद्राच्या कराराला धरून नव्हती. २५ फेब्रुवारी २०१९ ला हेगच्या न्यायालयाने मत दिलं की बेटं वेगळी काढणं बेकायदेशीर होतं. पुढे २०२२ मध्ये आमच्या सरकारने भाड्याने घेतलेलं जहाज तिथे जाऊन ब्लेनहाइम नावाचा प्रवाळखडक मोजून आलं, मालदीवबरोबरची सागरी हद्द ठरवायला. त्याच फेरीत पेरोस बान्होस बेटावर आमचा झेंडा लावला. हद्द २८ एप्रिल २०२३ ला ठरली. २२ मे २०२५ ला ब्रिटनने बेटं परत देण्याच्या तहावर सही केली, दिएगो गार्सिया मात्र ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर ठेवून.

त्या बाई २००८ मध्ये गेल्या. यातलं काहीच त्यांनी पाहिलं नाही.

देवगडच्या बाई

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. मॉरिशसच्या ताई, तुमची मराठी माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांपेक्षा स्वच्छ आहे, आणि त्या बाईंची गोष्ट मी सांगणार आहे.

सोमवारी तास घेतला. कर्कटक घेऊन मुलांनी सुमात्रापासून न्यू गिनीपर्यंत रेषा ओढल्या. 'तानाह आइर' लिहिलं. ज्याने प्रश्न विचारला होता त्याने रेषांच्या आतलं पाणी पेन्सिलीने रंगवून टाकलं. मग विचारलं, "बाई, बेट बुडला तर?" आमच्याकडे दर पावसाळ्यात समुद्र थोडा थोडा आत येतो, तो हे रोज पाहतो. याचं उत्तर काय देऊ?

गुहागरचा कॅप्टन

बाई, हा मुलगा प्रत्येक वेळी नेमकं विचारतो. जुन्या समजुतीप्रमाणे किनारा सरकला की आधाररेषा, म्हणजे जिथून हद्द मोजतात ती रेषा, सरकणार, आणि बेट भरतीला पाण्याखाली गेलं की त्याच्याभोवतीचं पाणीही जाणार. नुसता खडक उरला, जिथे माणूस राहू शकत नाही आणि स्वतःचं अर्थजीवन नाही, त्याला १२ मैल मिळतात, २०० नाहीत. जपानचं ओकिनोतोरिशिमा म्हणजे भरतीला पाण्यावर राहणारे पलंगाएवढे दोन खडक. त्यांना जपानने काँक्रीटची कडी घालून जपलंय आणि भोवतालच्या सुमारे चार लाख चौरस किलोमीटरवर आर्थिक क्षेत्राचा हक्क सांगितलाय. चीन आणि दक्षिण कोरियाला ते मान्य नाही.

तुवालूसारख्या देशाकडे असा पैसा नाही. सगळी जमीन २६ चौरस किलोमीटर. म्हणून ६ ऑगस्ट २०२१ ला पॅसिफिकच्या देशांनी एकत्र येऊन जाहीर केलं की आम्ही हद्दीचे अक्षांश-रेखांश एकदा नोंदवले आहेत, समुद्र चढला तरी ते बदलणार नाहीत. तुवालूने २०२३ मध्ये तेच राज्यघटनेत लिहून टाकलं. आणि २३ जुलै २०२५ ला हेगच्या न्यायालयाने आपल्या मतात म्हटलं की रीतसर नोंदवलेल्या रेषा किनारा सरकला म्हणून बदलायलाच हव्यात असं समुद्राचा करार सांगत नाही. म्हणजे पुन्हा तेच झालं, जुआंदांच्या वेळचं. आधी छोट्यांनी म्हटलं, मग कायदा त्यांच्या बाजूला येऊ लागला. घरं बुडाल्यावर माणसांनी जायचं कुठे, ते मात्र यातून सुटत नाही.

माझ्याकडे लोंबोक सामुद्रधुनीचा एक जुना कागदी चार्ट आहे, रद्द झालेला, जहाजावरून काढून टाकताना मी मागून घेतला होता. त्यावर माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या पहाटे दर दहा मिनिटांनी केलेल्या. त्यात होड्यांचा थवा दिसला त्या जागी मी एक छोटा गोल केला होता. पुढच्या महिन्यात देवगडला येणं आहे. शाळेत घेऊन येईन. टेबल मोठं लागेल, चार मुलं चार कोपरे धरून उभी राहिली तर बरं.